माझ्या छायाचित्रातला खोटा तांबडा

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री झालेल्या खग्रास चंद्रग्रहणाचे मी काढलेले छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तापलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा नारिंगी चंद्र आणि भोवती काळेभोर आकाश. पुष्कळांनी ते पुढे पाठवले, कौतुक केले. एकाने तर मोबाइलच्या पडद्यावर कायमचे लावून टाकले. ते छायाचित्र मी आता काढून टाकले आहे. त्यात चंद्र खरा होता, ग्रहणही खरे होते. रंग मात्र माझा होता. हे कसे घडले ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्या रंगामुळे एका विद्यार्थिनीच्या कामात चूक शिरली, आणि ती चूक तिची नव्हती.

ते ग्रहण साऱ्या देशातून दिसण्याजोगे होते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बंगळूर, लडाख आणि तमिळनाडू येथील आपल्या दुर्बिणींमधून त्याचे थेट प्रक्षेपण केले. स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी झाला, संमीलन ११ च्या सुमारास, आणि पुढे सुमारे ८२ मिनिटे चंद्र पृथ्वीच्या प्रच्छायेत पूर्ण बुडालेला होता. पावसाळा सरलेला नव्हता. आमच्या गच्चीवरून चंद्र ढगांच्या फटींतून अधूनमधून दर्शन देत होता. सुदैवाने संमीलनाच्या वेळी आकाश बऱ्यापैकी मोकळे झाले. शेजारच्या काकू सूतक पाळत होत्या. तरीही त्या जिन्याच्या दारापर्यंत आल्या, क्षणभर वर पाहिले, आणि “अगं, हा तर भट्टीतल्या जुन्या विटेसारखा दिसतोय,” असे म्हणून परत गेल्या. त्या रात्रीचे आमच्या इमारतीतील सर्वांत अचूक रंगनिरीक्षण बहुधा तेच.

माझ्या वहीतली नोंदही तिच्याशी जुळते. “११.१० : मध्यभाग गडद विटकरी, तपकिरीकडे झुकलेला. पश्चिमेकडची कड उजळ. डांजों २ ते ३.” आंद्रे डांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ग्रहणातील चंद्राच्या उजळपणासाठी शून्य ते चार अशी श्रेणी सुचवली. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र. एक म्हणजे गडद करडा किंवा तपकिरी. दोन म्हणजे गंजासारखा गडद लाल. तीन म्हणजे विटेसारखा लाल, कडेला पिवळसर उजळपणा. चार म्हणजे तेजस्वी तांबूस-नारिंगी, कडेला निळसर झाक. श्रेणी साधी आहे, पण तिच्यामागचे कारण मोठे आहे. ग्रहणातल्या चंद्रावर पडणारा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून गाळून आलेला असतो. वातावरणात ज्वालामुखीची धूळ अधिक असेल तर चंद्र काळवंडतो. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र कमालीचा काळा पडला होता. म्हणजे चंद्राचा रंग ही आपल्याच हवेची नोंद असते. गच्चीवर उभे राहून, कोणत्याही उपकरणाशिवाय करता येणारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉपवर चित्रे उघडली. मध्यभागासाठी अर्ध्या सेकंदाच्या काही चौकटी होत्या, उजळ कड जळू नये म्हणून १/८ सेकंदाच्याही काही होत्या. कड शाबूत असलेली एक १/८ सेकंदाची चौकट निवडली. ती फारच अंधारी वाटली म्हणून दोन टप्पे उजळली. मग ती थंड वाटली म्हणून थोडी उबदार केली. चंद्राच्या कडेला एक निळसर रेघ दिसत होती. भिंगाचा दोष असावा असे समजून संपादन-प्रणालीतील कडेची रंगझाक पुसण्याचे साधन फिरवले आणि ती पुसून टाकली. चित्र बहिणीला पाठवले. तिच्या फोनवर ते मलूल दिसत असल्याचे तिने कळवले. मी संपृक्तता वाढवली आणि पुन्हा पाठवले. “आता झकास,” असे उत्तर आले. ते झकास चित्र मग सर्वांसाठी प्रसिद्ध केले.

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. तिने त्या ग्रहणाच्या डांजों-नोंदी गोळा करायला घेतल्या होत्या. काही निरीक्षकांनी अंक कळवले होते. ज्यांनी कळवले नाहीत त्यांच्या छायाचित्रांवरून तिने अंदाज केला होता. मी अंक कळवायची विसरले होते. तिने माझ्या नावापुढे ४ लिहिले आणि तक्ता मला तपासायला पाठवला. मी वही उघडली. तिला सांगितले की माझी नोंद २ ते ३ आहे. तिचे उत्तर तत्काळ आले : “मग मॅडम, वहीतला रंग खरा की फोटोतला?”

या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मी प्रथम लॅपटॉपच्या पडद्याकडे वळले. छपाईच्या व्यवसायातील एका मित्राकडून रंगमापक आणला. हे वाटीएवढे उपकरण पडद्यावर टेकवायचे. संगणक एकामागून एक ठरावीक रंग दाखवतो, उपकरण प्रत्यक्षात किती लाल, हिरवा, निळा प्रकाश बाहेर पडला ते मोजते, आणि त्यातील तफावतीचा तक्ता तयार होतो. या तक्त्यालाच प्रोफाइल म्हणतात. पडद्यासाठी सर्वसाधारणपणे ६५०० केल्विन एवढ्या रंगतापमानाचे पांढरे प्रमाण मानले जाते. माझ्या पडद्याचे पांढरे साडेसात हजारांच्या पुढे, म्हणजे चांगलेच निळसर होते. त्यात खोलीत पिवळा दिवा. निळसर पडद्यावर चित्र ‘थंड’ वाटणारच, आणि ते उबदार करताना मी प्रत्यक्षात पडद्याचा दोष चंद्रावर चढवत होते.

पण बहिणीच्या फोनवर चित्र मलूल का दिसले? इथे प्रकरण अधिक रंजक होते.

चित्रफाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. एका बिंदूसाठी लाल १५०, हिरवा ५५, निळा ३५ असे. आता ‘लाल १५०’ म्हणजे नेमका किती लाल? उत्तर भारतात कोणी “माझी पाच बिघे जमीन आहे” म्हणाले तर आपण विचारायला हवे : कुठला बिघा? राजस्थानचा, उत्तर प्रदेशाचा की बंगालचा? प्रत्येकाचे माप वेगळे. आकडा तोच, जमीन निराळी. चित्रातील आकड्यांचा ‘बिघा’ ज्याने ठरतो त्याला रंगावकाश म्हणतात. सर्वांत प्रचलित रंगावकाश एसआरजीबी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो त्या काळच्या सामान्य पडद्यांना बेतून मांडला. डोळ्यांना दिसू शकणाऱ्या रंगछटांपैकी सुमारे एक-तृतीयांशच त्यात मावतात. अॅडोबी आरजीबी १९९८ चा. त्याचा पसारा मोठा, विशेषतः हिरव्या आणि निळसर-हिरव्याच्या बाजूला. आजच्या अनेक फोनच्या पडद्यांचा पल्ला डिस्प्ले पी-३ या आणखी एका रंगावकाशाच्या आसपास असतो.

माझे पहिले चित्र अॅडोबी आरजीबीमध्ये जतन झाले होते. मोठ्या मापात रंग सांगताना आकडे लहान पडतात. चित्राच्या आत ‘हे माप अॅडोबीचे आहे’ अशी चिठ्ठी होती, पण वाटेत चित्र पुन्हा संक्षेपित होताना ती चिठ्ठी गळाली असावी, किंवा समोरच्या फोनने ती वाचलीच नसावी. लहान आकडे लहान मापाने वाचले गेले आणि चंद्र मलूल झाला. यावर उपाय चिठ्ठी दुरुस्त करण्याचा होता. मी आकडेच फुगवले. दुसऱ्या वेळी चित्र एसआरजीबीमध्ये गेले, म्हणजे माप आता बरोबर होते, पण तोपर्यंत रंग दुप्पट चढलेला होता. शिवाय बहिणीच्या फोनवर पडद्याची ‘व्हिव्हिड’ अवस्था सुरू होती. या अवस्थेत फोन लहान मापाचे आकडे मुद्दाम मोठ्या पल्ल्यावर ताणून दाखवतो. दुकानात मांडलेला फोन उठून दिसावा म्हणून. मला वाटते, आपल्या देशातील निम्मी रंगभ्रांती या एका खटक्यातून जन्मते. पण हे माझे मत आहे, मोजमाप नव्हे.

या सगळ्या मापांच्या मुळाशी काय आहे, हे पाहताना मी १९३१ पर्यंत मागे गेले, आणि तिथे काहीसे थबकले. आज जगातील प्रत्येक पडदा, प्रत्येक छपाईयंत्र, प्रत्येक कॅमेऱ्याचे प्रोफाइल शेवटी ज्या प्रमाण-डोळ्याचा आधार घेते, तो ‘सीआयई १९३१’ चा प्रमाण निरीक्षक इंग्लंडमध्ये झालेल्या दोन प्रयोगमालिकांवरून बांधलेला आहे. डेव्हिड राइट यांनी दहा जणांचे डोळे तपासले, जॉन गिल्ड यांनी सात जणांचे. अंधाऱ्या खोलीत बसून, लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे कमीजास्त करत समोरच्या रंगाशी जुळवायचे, एवढेच काम. त्या सतरा जणांच्या जुळवणीची सरासरी म्हणजे तो प्रमाण-डोळा. मला यात उणेपणा वाटत नाही. उलट आश्चर्य वाटते. ‘रंग’ ही इतकी खासगी, इतकी ज्याची-त्याची गोष्ट. पण कोणीतरी ती अशा रीतीने आकड्यांत बांधली की आज आसाममधल्या मुलीला केरळातल्या मुलाचा पडदा मोजून ‘तुझा पांढरा निळसर आहे’ असे सांगता येते. प्रोफाइल हा त्या प्रमाण-डोळ्याशी केलेला करार असतो. माझ्या यंत्राचा १५० म्हणजे त्या डोळ्याचा अमुक. दोन यंत्रांचे करार उपलब्ध असतील तर एकाचा रंग दुसऱ्यावर नेता येतो. एकाचाही नसेल तर अंदाजपंचे.

आता नारिंगीपणाकडे येते, कारण विटकरी चंद्र चौथ्या श्रेणीत ढकलला गेला तो इथे. वरचाच बिंदू घ्या : १५०, ५५, ३५. हा विटेचा लाल. मी चित्र दोन टप्पे उजळले, म्हणजे प्रकाश चौपट केला. पडद्यासाठीचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. चौपट प्रकाशासाठी ते साधारण १.९ पट होतात. हिरवा १०५ झाला, निळा ६६. लाल २८५ व्हायला हवा होता. पण आठ बिटांच्या चित्रात २५५ च्या वर जागाच नाही. लाल तिथेच अडकला. आधी लाल हिरव्याच्या पावणेतीन पट होता, आता अडीच पटींच्याही आत आला. लालाच्या तुलनेत हिरवा वाढला की रंग नारिंगीकडे सरकतो. कडेजवळच्या उजळ भागात हे आणखी तीव्रपणे घडले. मी फक्त ‘उजळ’ केले होते; रंगाला हात लावलेला नाही असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. आलेखाच्या उजव्या भिंतीला लाल रेघ चिकटलेली दिसत असतानाही मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

विद्यार्थिनीचा प्रश्न तरीही शिल्लकच होता. समजा, पडदा नीट आहे, माप नीट आहे, लालही भिंतीला टेकलेला नाही. तेव्हा छायाचित्रातला रंग खरा म्हणावा का?

पौर्णिमेचा चंद्र टिपायला मला आयएसओ १००, एफ ८ आणि १/२५० सेकंद पुरले होते. ग्रहणाच्या मध्यभागासाठी आयएसओ ३२००, एफ ५.६ आणि अर्धा सेकंद लागला. संवेदनक्षमता ३२ पट, छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे दुप्पट, वेळ १२५ पट. गुणाकार ८०००. म्हणजे चंद्र ढोबळमानाने आठ हजार पट मंदावला होता. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जेमतेम काम करतात. लाल रंग लवकर काळपट होतो. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. तो अर्धा सेकंद प्रकाश साठवतो आणि भरघोस लाल दाखवतो. कॅमेरा इथे खोटे बोलत नाही, डोळाही बोलत नाही. पण डांजोंची श्रेणी डोळ्यांसाठी आहे. ती दीर्घ उद्भासनाच्या छायाचित्रावरून ठरवणे मुळातच चूक, मग ते छायाचित्र कितीही काटेकोर असो. माझी वही २ ते ३ म्हणते तोच डांजोंचा अंक. छायाचित्राला वेगळा प्रश्न विचारायला हवा.

तो प्रश्न कोणता, हे मला चांद्रयान-३ ने आठवून दिले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी यान चंद्राच्या कक्षेत शिरले आणि त्या वेळी टिपलेली चंद्राची दृश्ये दुसऱ्या दिवशी इस्रोने प्रसिद्ध केली. त्यांत चंद्र निळसर-हिरवा दिसत होता. तेव्हा मला किती जणांनी विचारले असेल, “चंद्र हिरवा कसा?” चंद्राची माती करडी असते, किंचित तपकिरीकडे झुकलेली. रंगीत कॅमेऱ्याच्या संवेदकावर सहसा चार खणांमागे दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी गाळणी असते. ब्राइस बेयर यांची ही रचना गेल्या पन्नास वर्षांत जवळजवळ सार्वत्रिक झाली आहे. तीन गाळण्यांमागील प्रतिसाद सारखे नसतात. संतुलन न केलेली कच्ची प्रतिमा कोणत्याही अशा कॅमेऱ्यातून बहुधा हिरवटच निघते. मंगळयानाचा अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात बनलेला कॅमेराही याच बेयर रचनेचा होता. यानावरचा कॅमेरा रंग पाहत नाही. तीन गाळण्यांमागे किती प्रकाश पोहोचला एवढेच मोजतो. त्या मोजणीचा रंग करायचा तर समोर काहीतरी ओळखीचे हवे.

जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ मंगळावर उतरले, तेव्हा पहिले रंगीत चित्र घाईत तयार झाले आणि त्यात आकाश निळे दिसले. आपल्याला आकाश निळे पाहायची सवय. नंतर यानावरच बसवलेल्या प्रमाण-रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर ते गुलाबीसर ठरले. छायाचित्रकार वापरतात ती चोवीस चौकोनांची रंगपट्टी हे त्याचेच घरगुती रूप.

मी चंद्राशेजारी रंगपट्टी कुठून धरणार? मग लक्षात आले की ग्रहणाआधीचा पूर्ण चंद्र हीच माझी पट्टी आहे. त्याची माती जवळजवळ करडी आहे, प्रकाश सूर्याचा आहे, कॅमेरा तोच, भिंग तेच. उपच्छायेचा स्पर्श होण्यापूर्वी, पावणेनऊच्या सुमारास मी नाभी जुळवण्यासाठी काही चौकटी घेतल्या होत्या. त्या पुसून टाकायच्या बेतात होते, आळसामुळे वाचल्या. ग्रहणाच्या कच्च्या फाइलमधील लाल, हिरवा, निळा यांना त्या पूर्ण चंद्राच्या लाल, हिरवा, निळ्याने भागले की कॅमेऱ्याचा स्वभाव बराचसा रद्द होतो. उरते ते पृथ्वीच्या वातावरणाने काय केले तेवढे. कच्च्या फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असल्याने हा भागाकार अर्थपूर्ण ठरतो. उजळलेल्या, ताणलेल्या जेपेगवर तो निरर्थक. एक उणीव राहतेच : पावणेनऊला चंद्र क्षितिजापासून जेमतेम तीस-पस्तीस अंश वर होता, संमीलनाच्या वेळी साठच्या आसपास. खालच्या चंद्राचा प्रकाश अधिक जाड हवेतून येतो, त्यामुळे तो स्वतःच थोडा तांबूस असतो. पूर्ण मोक्षानंतर चंद्र पुन्हा टिपायला हवा होता. तेव्हा मी झोपले होते.

भागाकार केला. मध्यभागी लालाचे प्रमाण निळ्यापेक्षा कितीतरी अधिक, हे अपेक्षितच. पण ११ वाजून ३ मिनिटांच्या चौकटीत पश्चिमेकडच्या कडेलगत एका अरुंद पट्ट्यात प्रमाण उलटे झाले; तिथे निळा लालाहून किंचित वरचढ होता. हीच ती निळसर रेघ. मी भिंगाचा दोष म्हणून पुसलेली.

भिंगाच्या दोषामुळेही उजळ-काळ्याच्या सीमेवर निळी-जांभळी किनार येते, म्हणून शंका घेणे गैर नव्हते. पण तपासणे हातात होते. दोष असता तर तोच भिंग वापरून काढलेल्या पूर्ण चंद्राच्या कडेलाही ती किनार दिसली असती, तिथे नाही. शिवाय ही पट्टी चंद्राच्या बाह्यरेषेवर नसून तिच्या आत, प्रच्छायेच्या सीमेला समांतर पसरलेली आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या खालच्या थरांतून जाणाऱ्या किरणांतला निळा विखरून जातो आणि लाल उरतो, हे आपण सारे शिकतो. पण जे किरण वरच्या थरांतून, ओझोनमधून तिरके जातात, त्यांचे उलटे होते. ओझोन नारिंगी-लाल भागातील प्रकाश थोडा शोषतो; या शोषणपट्ट्याला चॅपुई पट्टा म्हणतात. एरवी हा परिणाम नगण्य, पण ओझोनच्या थरातून शेकडो किलोमीटर आडवा प्रवास घडला की तो डोळ्यांना दिसण्याइतका होतो. हे निळसर किरण प्रच्छायेच्या अगदी कडेला पडतात. ज्या ओझोनबद्दल आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्याची सावली चंद्रावर पडलेली होती, माझ्या कॅमेऱ्याने ती टिपली होती, आणि चित्र चांगले दिसावे म्हणून मी तीच घासून टाकली होती.

हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. नारिंगीपणाबद्दल मला लाज वाटली होती. या रेघेबद्दल हळहळ वाटली.

नवे चित्र केले आहे. पूर्ण चंद्रावरून श्वेतसंतुलन, लाल कुठेही भिंतीला टेकलेला नाही, एसआरजीबीमध्ये, प्रोफाइल आत जोडलेले. ते अंधारे आहे. फोनवर पाहाल तर व्हिव्हिड अवस्था आणि रात्रीचा पिवळा पडदा बंद करून पाहा. तरीही अनेकांना ते आवडणार नाही. इथे ते पोहोचेपर्यंत पुन्हा संक्षेपित झालेले असेल. जेपेगमध्ये उजळपणा बारकाईने राखला जातो, पण रंगाचा तपशील बहुधा चार बिंदूंमागे एक एवढाच ठेवतात. त्यामुळे निळी पट्टी तुम्हाला पुसट दिसेल किंवा दिसणारच नाही. ते चित्र कागदावर छापून पाहण्याचाही प्रयत्न केला. तो गडद विटकरी रंग शाईत मिसळून मातकट झाला, आणि त्या वाटेला मी पुन्हा गेले नाही.

विद्यार्थिनीला मी वहीतल्या पानाचे छायाचित्र, ग्रहणाच्या तीन कच्च्या फाइली आणि पूर्ण चंद्राची एक, असे सगळे पाठवले. जे उजळले, जे पुसले, तेही क्रमाने लिहून दिले. तिने दोन दिवसांनी सुधारित तक्ता पाठवला. छायाचित्रांवरून काढलेले सगळेच अंक तिने खोडले होते, फक्त माझे नव्हे. तक्ता निम्म्याहून लहान झाला होता. माझ्या नावापुढे २.५ आणि कंसात ‘वही’. खाली तिने नवा रकाना उघडला आहे : कडेच्या पट्ट्यातील निळा भागिले लाल, पूर्ण चंद्राशी ताडलेला. त्यात तूर्त एकच ओळ आहे.

आणखी ओळी भरायच्या तर त्या रात्रीच्या संमीलनाच्या किंवा उन्मीलनाच्या आसपासच्या कच्च्या फाइली हव्यात, आणि त्याच कॅमेऱ्याने, त्याच भिंगाने टिपलेला ग्रहणाबाहेरचा पूर्ण चंद्र हवा. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावे. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.